भावाच्या फोनातल्या खुणा

ही गोष्ट माझ्या तोंडून अजून बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला सांगितली नाही — ते आता भिंतीवरच्या फोटोत असतात, त्यांच्याकडून गावभर व्हायची भीती नाही, तरीही नाही. देवापुढे बसते तेव्हा मी पटकन नातीच्या परीक्षेचं मागणं पुढे सरकवते आणि हे मागेच ठेवते. देव समजून घेत असेल. किंवा नसेलही. तुम्ही मात्र बसा जरा. सुरुवात गमतीची आहे, तेवढी तरी ऐका.

मी पासष्टीला आले. राहते बोईसरजवळ सरावलीत, माहेर समुद्राकाठच्या नवापूरचं, बोटीवाल्यांचं घर. लग्नानंतर बोईसरच्या एका कारखान्यात मी बावीस वर्षं संगणकावर काम केलं. तेव्हाचे संगणक आतासारखे रंगीत नव्हते. काळा पडदा, हिरवी अक्षरं, आणि आपण आज्ञा टाइप करायची. बरोबर आली तर काम व्हायचं. चुकली तर ते यंत्र एका ओळीत तुमची अक्कल काढायचं. मला ते फार आवडायचं. घरात माझी आज्ञा कुणी पाळत नव्हतं, तिथे निदान एक यंत्र तरी पाळत होतं.

नोकरी संपली आणि हातात स्मार्टफोन आला. एक दिवस मला कळलं की या फोनच्या पोटातही तोच काळा पडदा आहे, फक्त बनवणाऱ्यांनी आतल्या खोल्यांना कुलपं घालून ठेवलेली असतात. ती कुलपं काढली की त्याला फोन रूट करणं म्हणतात. मग तुम्ही खरे मालक, कुठल्याही खोलीत जा. मी माझा फोन रूट केला. पहिल्याच झटक्याला आतलं सगळं पुसलं गेलं. सकाळच्या फुलांचे आणि सुविचारांचे हजारभर फोटो गेले. कुणालाही दुःख झालं नाही.

तेव्हाची मी आठवले की मला त्या बाईचं हसू येतं. अठ्ठावन्न वर्षांची, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, गॅसवर कुकर बोंबलतोय आणि ही फोनला हुकूम सोडते आहे. शेजारणीला ऐट दाखवायची — "मी फोनच्या पार मुळाशी गेलेय." शेजारीण म्हणाली, "काकू, त्यापेक्षा डाळीच्या तळाशी जा, करपली." पण ही कुठली ऐकतेय? हिला वाटायचं, सरावलीत आपल्याएवढं हुशार कुणी नाही. हळूहळू नाव झालं. कुणाचा फोन अडला की माझ्याकडे. आणि म्हणूनच माझा धाकटा भाऊ हरेश त्याचा फोन घेऊन आला.

आता थोडं आमच्याकडचं सांगायला हवं, नाहीतर मी काय केलं ते तुम्हाला किरकोळ वाटेल.

समुद्रात पाट्या लावलेल्या नसतात. तळाला कुठे खडक आहे, कुठे घोळ मासा थांबतो, कुठे दाढा लागतो — हे एकेका घराचं गुपित असतं. त्याला आम्ही खुणा म्हणतो. आमचे बाबा डोंगराचं टोक आणि देवळाचा कळस एका रेषेत आणून जागा ओळखायचे. पुढे सॅटेलाइट आलं, खुणा आकड्यांत उतरल्या आणि हरेशच्या फोनातल्या एका अॅपमध्ये जाऊन बसल्या. पद्धत मात्र जुनीच राहिली. खुणा बापाकडून लेकाला जातात. लेकीला नाही, जावयाला नाही, भाच्याला नाही. बोटीवरच्या खलाशाला त्या माहीत होतात, त्याला इलाज नाही. पण तो बाहेर बोलत नाही. बोलला असं नुसतं म्हटलं गेलं तरी त्याला पुन्हा कुठली बोट मिळत नाही.

हरेशचा खलाशी देवजी. जव्हारकडच्या डोंगरातला, चाळिशीतला माणूस. वर दोन तुकडे भातशेती, पावसावरची. भात कापून झालं की खाली यायचा आणि पेरणीच्या आधी परत जायचा. अकरा हंगाम तो हरेशच्याच बोटीवर होता. हरेशला जवळचं दिसत नाही, आणि चष्मा लावायला त्याला लाज वाटते. म्हणून बोटीवर फोन देवजीच्या हातात. तो आकडे वाचून दाखवणार, हरेश, म्हणजे बोटीचा तांडेल, सुकाणू धरणार.

आणि तिसरा माझा लेक, नितीन. त्याचा कारखाना बंद पडला तेव्हा त्याने नवापूरच्या एका बोटीत भागी घेतली. बोट होती, जाळं होतं, जागा माहीत नव्हत्या. रिकामा यायचा. किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या बायका हाक मारायच्या, "काय रं नितीन, दर्या धुऊन आलास काय?" तो हसायचा आणि घरी येऊन न जेवता झोपायचा.

तर — होळी.

होळीला आमच्या बोटी किनाऱ्यावर असतात. आणि होळीला डोंगरातला माणूस खाली राहत नाही. कितीही काम असो, तो आपल्या पाड्यावर जातो. देवजीही गेला होता. होळीच्या दुसऱ्या दिवशी हरेश माझ्याकडे आला आणि फोन टेबलावर ठेवून म्हणाला, "बाय, खुनांचं अॅप उगडतंय नि लगेच मरतंय. पार बाबांपासनाच्या खुना हायत त्यात. जाऊ दिऊ नको."

फोन जुना, बोईसरच्या बाजारातून सेकंडहँड घेतलेला. आधीच्या मालकाने तो रूट करूनच विकला होता. म्हणजे कुलपं उघडीच. काम सोपं होतं: अॅपच्या आतल्या खोलीतली खुणांची फाइल बाहेर काढायची, अॅप पुसून पुन्हा घालायचं, फाइल परत जागेवर ठेवायची. पण त्या जुन्या फोनला काळ्या पडद्यावर 'नक्कल कर' एवढीसुद्धा आज्ञा कळत नव्हती. 'शोध' म्हटलं तर ते कसलं, असं विचारायचा. म्हणून मी त्यात हत्यारांचा एक संच घातला — एकच लहानशी फाइल, पण तिच्यात शंभरेक आज्ञा, सुताराच्या पेटीसारख्या. तो संच बसवायलाच माझा अर्धा दिवस गेला. मेमरी कार्डावरून चालू होईना. आत न्यायचा तर नक्कल करायची सोय नाही, तीच तर आणायची होती! शेवटी एका आज्ञेने तो वाचायला लावला आणि त्याचं वाचन दुसरीकडे ओतलं, चहा बशीत ओततात तसं. मग त्याला चालायची परवानगी दिली, आणि एकेक हत्यार खुंटीला टांगलं. पडद्यावर सगळी नावं रांगेत उभी राहिली तेव्हा ती अठ्ठावन्न वर्षांची बाई स्वयंपाकघरात एकटीच नाचली. खरंच नाचली. हातात झारा होता.

फाइल निघाली. अॅप पुन्हा घातलं. फाइल परत ठेवली. खुणा जशाच्या तशा आल्या. हरेश संध्याकाळी न्यायला येणार होता. काम संपलं होतं.

मी फोन बंद करून बाजूला का ठेवला नाही?

मी आणखी एक नक्कल केली. दोन अक्षरांची आज्ञा, मध्ये मोकळी जागा, दोन नावं. नकलेला नाव द्यावं लागतं. मी दिलं 'नितीन', इंग्रजी अक्षरांत. ती नक्कल मी माझ्या फोनवर घेतली. आणि स्वतःवर इतकी खूश होते की हरेशच्या फोनातली नक्कल त्या हत्यारांच्याच फोल्डरमध्ये राहिली, पुसायची विसरले.

नितीनला सांगितलं, आजोबांची जुनी वही सापडली, त्यातून उतरवलंय. त्याने विश्वास ठेवला. आई कशाला खोटं बोलेल?

तुम्ही विचाराल, भावाकडे मागितल्या का नाहीत? नाही मागितल्या. बाबांच्या खुणांवर लेकीचाही हक्क आहे, असं छान कारण माझ्याजवळ आहे — पण ते मला तीन महिन्यांनी सुचलं. त्या दिवशी माझ्या मनात हक्कबिक्क काही नव्हतं. हरेश नाही म्हणाला तर माझा पडलेला चेहरा त्याला दिसेल, एवढंच होतं. त्यापेक्षा चोरी बरी वाटली.

नितीनची बोट भरून यायला लागली. बायका हाका मारायच्या थांबल्या. त्याच्या भागीदाराने एक खूण आपल्या मेहुण्याला सांगितली, मेहुण्याने कुणाला सांगितली कोण जाणे. पुढच्या हंगामात, दिवाळीनंतर, हरेश आपल्या सगळ्यात जुन्या जागेवर गेला तर तिथे दोन परक्या बोटी जाळं टाकून बसलेल्या. नितीनची बोट त्या दिवशी तिथे नव्हती. हे नशीब म्हणू, की दुसरं काही?

दोन दिवसांनी दुपारी दारात हरेश आणि देवजी. हरेशचा चेहरा बघूनच मी समजले. तो खुर्चीत बसला. देवजी उंबऱ्याजवळ, भिंतीला टेकून. मी आत ये म्हटलं तर म्हणाला, "हतं बरा हाय, बाय."

हरेश म्हणाला, "माझ्या खुना बाहेर गेल्या. फोन येकतर माझ्याकडं, नायतर याच्याकडं. आनि हा म्हनतो मी नाय."

"मी नायच," देवजी म्हणाला. आवाज चढवला नाही. "मीच बोललो तांडेलांना, बायकडं चला. ती फोनलाच इचारंल. फोनात समदं राहतं ना, बाय? कुनी काय केलं, कवा केलं?"

मी म्हटलं, "राहतं."

देवजीनेच आणलं होतं हो हरेशला माझ्याकडे. सुटायचं म्हणून.

मी फोन हातात घेतला. काळा पडदा उघडला. हरेश चष्म्याशिवाय, त्याला सगळ्या मुंग्याच. देवजी मात्र उठून माझ्या खांद्यामागे येऊन उभा राहिला. तो आश्रमशाळेत सातवीपर्यंत शिकलेला. इंग्रजी अक्षरं जोडून जोडून वाचायचा. मी यादी दाखवायची आज्ञा दिली. सवयीने दिली, विचार न करता. आणि आलं ना सगळं समोर! माझी हत्यारं रांगेत, प्रत्येकापुढे तारीख. होळीचा दुसरा दिवस. ज्या दिवशी बोटी किनाऱ्यावर होत्या, देवजी डोंगरात पाड्यावर होता, आणि फोन — या टेबलावर. आणि यादीच्या खाली माझ्या लेकाचं नाव.

ती तारीख मोठ्याने वाचली असती तरी पुरे होतं. दुसरं काही सांगायची गरज नव्हती. कोणीही उंबऱ्यातच म्हणालं असतं, अरे, होळीला देवजी कुठे होता इथे?

देवजी पुटपुटायला लागला. "एन... आय..."

मी पुसायची आज्ञा दिली. तीही दोनच अक्षरांची. पूर्ण फोल्डर, आतल्या सगळ्यासकट. काळ्या पडद्याची एक खोड आहे, तो पुसताना विचारत नाही. नक्की का, असं एकदाही नाही.

"ते काय होतं, बाय?"

"कचरा. साफ केला."

त्याने मान हलवली. बाईला कळतं, असं म्हणणारी मान.

हरेश म्हणाला, "मं?"

मी फोन टेबलावर उलटा ठेवला. मी देवजीचं नाव घेतलं नाही. हे मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आले — मी नाव घेतलं नव्हतं. मी म्हणाले, "कुणीतरी आतून काढलंय. फोन ज्याच्या हातात होता त्याच्याशिवाय हे होत नाही."

खोटं होतं का यात काही? शब्दाशब्दाने खरं. नोकरीत शिकले होते मी, यंत्राला कधी खोटं लिहायचं नाही.

हरेश देवजीकडे बघून म्हणाला, "अकरा वरसं तुला घरात जेवू घातला."

देवजी त्याच्याकडे बघतच नव्हता. माझ्याकडे बघत होता. "फोन खोटा बोलतो काय, बाय?"

मी म्हणाले, "फोन खोटं बोलत नाही, देवजी."

तो उंबऱ्याकडे वळला. मग म्हणाला, "मंग काय बोलू मी?" आणि चपला घालून निघाला. हरेश मागून म्हणाला, "उद्यापास्ना येऊ नको." ते ऐकायला तो थांबलाही नाही.

त्यानंतर नवापुरात त्याला बोट मिळाली नाही. शेजारच्या गावांतही नाही. असलं नाव किनाऱ्याकिनाऱ्याने माणसाच्या पुढे चालतं. दोन हंगाम तो वरच राहिला, आणि मग बोईसरला आला. ठेकेदाराकडे, कारखान्यात पिंपं उचलायच्या कामाला. खोली कुठे घेतली असेल? सरावलीत. माझ्यापासून दोन गल्ल्या.

आता माझी मजा बघा. बाजारात जायला दोन रस्ते आहेत. एक त्याच्या खोलीवरून, एक त्याच्या ठेकेदाराची गाडी उभी राहते तिथून. मी पहिला सोडला, दुसऱ्यावर भेटला. दुसरा सोडला, तर दळणाच्या गिरणीत भेटला. प्रत्येक वेळी तेच — "बाय, बरी हाव ना?" राग नाही, टोमणा नाही. टोमणा मारला असता तर मी भांडले असते आणि सुटले असते. दार लावून घरात बसले तर घरात नितीन. येताना मासळी आणतो, आणि म्हणतो, "आई, आजोबांच्या वहीतलीच जागा हं." ती मासळी मी साफ करते, आमटी करते, खाते. काटे काढून नातीला भरवते. भाऊबीजेला हरेश येतो, ओवाळून घेतो. निघताना फोन पुढे करतो, "बाय, बग जरा, सगलं ठीक हाय ना?" मी बघते. सगळं ठीक असतं.

सांगायचं ठरवलं नाही असं नाही. ठरवलं की आधी हरेश दिसतो, मग नितीन. चोराची बोट म्हणून त्याच्याकडे बघणाऱ्या त्याच बायका दिसतात. मग मी म्हणते, पावसाळ्यात सांगू, बोटी बंद असतात, माणसं जरा निवांत असतात. सहा पावसाळे झाले.

गेल्या मंगळवारी देवजी माझ्याकडे आला. त्याच्या लेकीला कॉलेजसाठी जातीचा दाखला हवा होता. कोळगावच्या कचेरीत गेला तर तिथे म्हणाले, आधी फोनवरून अर्ज भरून या. त्याच्याकडे बटणांचा साधा फोन. मी म्हटलं, "अरे, आता सगळ्यांकडे मोठा फोन असतो, तू का घेत नाहीस?" म्हटलं म्हणजे — निघून गेलं तोंडातून.

मी अर्ज भरला, कागदांचे फोटो काढून जोडले. चहा केला. चहा संपवून त्याने कप खाली ठेवला आणि म्हणाला, "बाय, येक इचारू? तवा मी काय दाबला आसंल?"

मला आधी कळलंच नाही.

"मी कुनाला खुना दिल्या नाय, येवढा मला म्हाईत हाय. नि फोन खोटा बोलत नाय. मं मी लय इचार केला. माजं हात वलं असायचं, फोन खिशात टाकायचो. माज्याच बोटाने काय तरी दाबलं गेलं, नि खुना गेल्या कुनाकडं तरी. असा होतं काय?"

सहा वर्षं हा माणूस स्वतःचं बोट तपासत होता. मोठा फोन त्याने म्हणूनच घेतला नव्हता.

मी म्हणाले, "होतं असं. ओल्या हाताने आपोआप दाबलं जातं."

त्याचा चेहरा सैल पडला. खरंच सांगते, हलका झाला तो. म्हणाला, "म्हंजी चोर नाय मी. अडानी."

"चोर नाहीस रे तू."

"बरा झाला, बाय. घरवालीला सांगतो. तिला बी कदी कदी वाटायचा."

मघापासून मी त्या अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला हसत होते, झारा घेऊन नाचणारीला. मंगळवारी खुर्चीत ती नव्हती, ही होती. ही पासष्टची, तुमच्याशी बोलतेय तीच. घरात तिसरं कुणी नव्हतं. हरेश नव्हता, नितीन समुद्रावर होता, नात शाळेत. दुपार होती, घाई नव्हती. मला कुणी धरलेलं नव्हतं.

मी त्याच्या लेकीच्या अर्जाचा नंबर एका चिठ्ठीवर लिहून दिला, आणि हरवू नकोस म्हणून दोनदा बजावलं.